बादलीची खोली विचारणारी बाई

कुठलीही नावाजलेली इमारत बघायला गेली, की तेर्तू नूतिनेन छताकडे बघत नसे आणि खांबांकडेही बघत नसे. माहिती सांगणाऱ्या मुलीचं बोलणं ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची, बाकीची माणसं पुढच्या दालनात गेली की मागे रेंगाळायची आणि मग तिला विचारायची, "इथली बादलीची खोली कुठे आहे?"

मग त्या मुलीला समजावून सांगावं लागे, की जिथे बादल्या-पोछे ठेवतात आणि घाण पाणी ओततात, ती खोली. ती जिन्याखाली कोंबली आहे, की तिला नीट दार, दिवा आणि वाकावं न लागणारा नळ आहे, एवढं बघितलं की बांधणाऱ्याचा स्वभाव कळतो, असं तेर्तूचं म्हणणं. लोक म्हणत, बाई विक्षिप्त आहे. विक्षिप्त कसली डोंबलाची! फिनलंडमधल्या आमच्या लेहतोवेसी गावाचं ग्रंथालय तिनं सदतीस वर्षं झाडलं-पुसलं होतं, इतकंच.

निवृत्त झाली तेव्हा गावानं तिला फुलं दिली, कॉफी पाजली आणि आता काय करणार म्हणून विचारलं. देशातल्या चांगल्या इमारती बघणार, असं ती म्हणाली. आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय. पण पुढच्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला, एन्सिओला, कामाला लावलं. एन्सिओनं जन्मभर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवलेला. त्यानं एकच अट घातली, की गाडी चालवीन पण आत येणार नाही. ती अट त्यानं चार वर्षं पाळली. तेर्तू आत, हा बाहेर गाडीत थर्मास आणि शब्दकोडं घेऊन. ती परत आली की विचारायचा, "उभी आहे ना?" ती म्हणायची, "उभी आहे." "मग झालं तर," म्हणून गाडी सुरू करायचा.

तेर्तूच्या वह्या आम्ही पुढे वाचल्या, म्हणून सांगता येतं. हेलसिंकीतल्या खडक फोडून आत बांधलेल्या चर्चबद्दल तिनं लिहिलं होतं: "भिंत म्हणजे नुसता उघडा खडक. पुसायची सोय नाही. पण मळलेलाही दिसत नाही. हुशार माणसं." त्याच शहरातल्या लाकडी, अंड्यासारख्या गोल प्रार्थनाघराबद्दल: "एकही कोपरा नाही. धूळ बसणार कुठे? हे बांधणाऱ्याची मावशी नक्की सफाईवाली असणार." साय्नात्सालोच्या विटांच्या नगरभवनात मातीच्या पायऱ्यांवर गवत वाढवलंय, त्यावर नुसतं: "ही पायरी कोणी पुसायची नाही. बरं वाटलं." आणि पेतायावेसीच्या जुन्या लाकडी चर्चपाशी, जिथे अडीचशे वर्षांत कधी शेगडी पेटलेली नाही, तिनं एक प्रश्न लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. "इथे कुबट वास का येत नाही?"

ह्या प्रश्नाला कारण होतं. आमच्या ग्रंथालयाला कुबट वास येत होता.

ग्रंथालय एकसष्ट सालचं. सिल्वी पाल्मू नावाच्या बाईनं त्याचं बांधकामाचं चित्र काढलं होतं. तळ्याकडे तोंड केलेल्या बावीस खिडक्या आणि मध्ये एक लांबलचक वाचायची खोली. बाई नावाजलेली नव्हती, आमचं गावही नावाजलेलं नाही, म्हणून ती इमारत पुस्तकांत वगैरे आली नाही. पण नोव्हेंबरात दुपारी तीनला काळोख होतो आणि त्या बावीस खिडक्या उजळतात, तेव्हा आमच्यातला घुम्यातला घुम्या माणूसही तळ्याच्या पलीकडून दोन मिनिटं उभा राहून बघायचा.

साना ह्यूतोनेन ही तरुण ग्रंथपाल २००७ साली आली. वर्षभरात तिला खोकला लागला. आधी सगळे म्हणाले, नवीन जागा आहे, सवय होईल. मग तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, मग तोंडानं श्वासाबरोबर ओढायचं औषध आलं, आणि चौथ्या वर्षी डॉक्टरांनी लिहून दिलं की हिला त्या इमारतीत पाऊल टाकू देऊ नका. ग्रंथालय बंद झालं. पुस्तकं जुन्या बँकेच्या गाळ्यात गेली. बाहेरची माणसं येऊन हवा मोजून गेली आणि गावाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख यार्मो तीलिकाइनेन ह्यानं अहवाल पुढे ठेवला, की फरशीखाली बुरशी आहे, इमारत पाडावी. असं आपल्याकडे दर दुसऱ्या गावात होतं, त्यामुळे कोणी फारसा आवाज केला नाही.

तेर्तूनंही केला नसता. पण अहवालाच्या चौदाव्या पानावर एक वाक्य होतं: "सफाई करताना फरशीवर वर्षानुवर्षं जास्त पाणी वापरलं गेलं असावं."

त्या वाक्यात नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, कारण सफाई एकीनंच केली होती. दुकानात दुधाच्या कपाटापाशी बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या. सौनाच्या वाफघरात एन्सिओला कोणीतरी हसत विचारलं, "बायको घरी पण बादल्या ओतते का रे?" एन्सिओनं त्याच्याकडे इतकं शांतपणे बघितलं की तो माणूस वरच्या बाकावरून खाली उतरला.

तेर्तू हसली नाही आणि रडलीही नाही. पोछा पिळण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. तिच्या पिळलेल्या पोछ्यातून थेंब पाडून दाखवा म्हणून ती शिकाऊ मुलींना आव्हान द्यायची. एवढ्या वर्षांच्या कामावर असं एका ओळीत पाणी पडलं ते तिला सहन होईना. ऑक्टोबरच्या शेवटी शाळेच्या जेवणघरात गावकऱ्यांची सभा होणार होती आणि त्यानंतरच्या आठवड्यात गावाचं मंडळ मत देणार होतं. सभेला तीन आठवडे होते. तेवढ्या वेळात तिला एवढंच शोधून काढायचं होतं, की वास पाण्यानं येत नसेल तर कशानं येतो. ते सापडलं असतं तर इमारत वाचली असती आणि तिचं नावही धुतलं गेलं असतं.

म्हणून मग ती वासाच्या मागे लागली. नाक वर करून ती इमारतींतून फिरायला लागली आणि जिथे वास येत नाही तिथे का येत नाही, हे विचारायला लागली. कोणी म्हणालं लाकूड चांगलं, कोणी म्हणालं दगड. एन्सिओ म्हणाला, "माणसंच येत नाहीत तिथे, वास कुठून येणार?" ते तिनं लिहून घेतलं नाही.

अशा फिरण्यात ते दोघं पाइमिओला पोचले. तिथलं क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ पाइनच्या जंगलात जहाजासारखं उभं आहे. ते बघायला जगातून माणसं येतात. तेर्तू आत गेली आणि पहिल्याच खोलीत तिचे पाय थबकले. कपाट भिंतीवर टांगलेलं, म्हणजे खालून पोछा सरळ फिरतो. खिडकीखाली फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे कोपरा नाही, फरशीच वळून वर गेलेली. हात धुवायच्या बेसिनला असा उतार की पाणी पडताना आवाज होत नाही, शेजारचा रोगी जागा होत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी सफाईवालीच्या कमरेचा विचार केला होता.  आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्याला कोणीतरी बघितलंय.

मग माहिती सांगणारी मुलगी खिडकीकडे वळली. ही दुहेरी खिडकी, म्हणाली. बाहेरची हवा एका टोकानं दोन काचांच्या मध्ये शिरते, तिथून फिरत फिरत जरा ऊब घेते आणि दुसऱ्या टोकानं खोलीत येते. त्यामुळे ताजी हवाही मिळते आणि खाटेवरच्या माणसाला गार वारंही लागत नाही.

तेर्तूला आवडलं. तिनं एक साधा प्रश्न विचारला, जो आमच्यातल्या कुठल्याही बाईनं विचारला असता. "मग हिवाळ्याच्या तोंडावर ह्या फटी बुजवायच्या कशा?"

"बुजवायच्या नाहीत," मुलगी म्हणाली. "बुजवल्या तर आतल्यांनी श्वास कुठून घ्यायचा?"

आता आमच्याकडच्या माणसाला हे निराळं सांगायला नको, तरी सांगते. ऑक्टोबर आला की खिडक्या बुजवायच्या, हे आम्ही आईच्या पदराला धरून शिकलेलो. दोन काचांच्या मध्ये कापसाची लांब गुंडाळी ठेवायची, वर थोडं शेवाळ नाहीतर सुकी फुलं मांडायची, आणि फटींवर पिठाच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. ज्या घराच्या पट्ट्या सरळ ती बाई कामसू. गार वारं म्हणजे आमचा जन्माचा वैरी. मानेला वारं लागलं की ताप, पायाला लागलं की संधिवात, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे भोक दिसलं की आमचा हात आपोआप कापसाकडे जातो.

तेर्तूनं त्या दिवशी बादलीची खोली विचारली नाही. ती गाडीत येऊन बसली. एन्सिओनं विचारलं, उभी आहे ना. तिनं पट्टा ओढून लावला. तासाभरानं पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या दुकानात तिनं कप हातात धरला आणि तो तसाच धरून सगळं सांगितलं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेल महागलं होतं, सरकार म्हणत होतं ऊब वाचवा, रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद होते. ग्रंथालयात प्रत्येक खिडकीखाली, गरम पाण्याच्या हीटरच्या मागे, बोटभर रुंदीचा एक आडवा झरोका होता. त्यातून थंडगार हवा यायची. म्हातारे वाचक कुरकुर करायचे, घोट्याला वारं लागतं म्हणून. तेर्तूला कामाला लागून दोन वर्षं झाली होती, अंगात रग होती. एका आठवड्यात तिनं बावीसच्या बावीस झरोके बुजवले. घरच्यासारखा नुसता कापूस-कागद नाही, आत घट्ट कापूस, वर तागाच्या कापडाची पट्टी, आणि त्यावर भिंतीच्याच पांढऱ्या रंगाचे दोन हात. काम इतकं नेटकं झालं की पुढे कोणाला तिथे झरोका होता हेही कळलं नाही. कळेल कसं? दर पाच वर्षांनी ती स्वतःच त्यावर रंग मारत होती. गावाच्या प्रमुखानं तेव्हा सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

"करायला गेले एक," ती म्हणाली. पुढचं तिला म्हणवेना.

एन्सिओनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "किल्ली मिळाली तर मी येतो. रविवारी दोघं मिळून उकरून काढू, कचरा जाळून टाकू. झाकली मूठ. कोणाला काय कळतंय?"

"आणि हवा परत कोण मोजणार? त्यांचं मोजून झालंय. कोणीतरी काहीतरी नवीन सांगितल्याशिवाय ते दुसऱ्यांदा मोजणार नाहीत."

"पाडू दे मग. तुला काय करायचंय? पाण्याचं एक वाक्य आहे, चार महिन्यांत लोक विसरतील. हे सांगितलंस तर जन्मभर विसरणार नाहीत."

हे खरं होतं, म्हणूनच ते तिला झोंबलं. 

दुसऱ्या दिवशी ती जुन्या बँकेच्या गाळ्यात सानाकडे किल्ली मागायला गेली. मला एकदा आत बघायचंय, एवढंच म्हणाली. सानानं कारण विचारलं नाही. किल्ली देताना मात्र तिनं तेर्तूचा हात क्षणभर धरला, जे आमच्याकडे सहसा कोणी करत नाही. "त्यांनी पाण्याचं खापर तुझ्यावर फोडलं त्याचं मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. तेर्तू मान खाली घालून बाहेर पडली. त्यापेक्षा सानानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

रिकाम्या ग्रंथालयात दार उघडताच तो वास आला, ओल्या तळघरात बटाटे सडावेत तसा. पहिल्या खिडकीपाशी गुडघे टेकून तिनं हीटरच्या मागे हात घातला आणि खुरपीनं रंग खरवडला. रंगाचे सात थर निघाले. मग ताग, मग दगडासारखा झालेला काळा कापूस. शेवटचा बोळा निघाला आणि बोटांवर हवा आली, तळ्यावरची, स्वच्छ. तिनं डोक्यावरच्या रुमालाचा एक धागा ओढून झरोक्यापुढे धरला. धागा आत वळला आणि तसाच थरथरत राहिला. तेर्तू तिथेच फरशीवर बसून राहिली.

संध्याकाळच्या आत ती गावाच्या कचेरीच्या तळघरात जाऊन जुने नकाशे काढून बघत होती. तिथली कारकून वैतागली, पण तेर्तू ऐकणारी नव्हती. सिल्वी पाल्मूचं चित्र सापडलं. चित्रातल्या खिडकीखालच्या झरोक्याशेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "हे झरोके कडाक्याच्या थंडीतही उघडे ठेवावेत. सफाई करणाऱ्याला कृपया सांगावे."

तेर्तूला कोणी सांगितलं नव्हतं. ह्या गोष्टीचा तिला आधार घेता आला असता. मी असते तर घेतला असता, खोटं कशाला बोलू.

सभेला शाळेचं जेवणघर भरलं होतं. दाराशी कॉफी आणि वेलदोड्याचे पाव होते. यार्मोनं पडद्यावर आलेख दाखवले, पाडायचं का ते सांगितलं, नव्या इमारतीचं चित्र दाखवलं. चित्रात पिशवी घेतलेली हसरी माणसं होती, त्यांतलं एकही आमच्या गावचं दिसत नव्हतं. कोणाला काही बोलायचंय का, असं त्यानं विचारलं. नेहमीप्रमाणे कोणालाच काही बोलायचं नव्हतं. मग तेर्तू उभी राहिली. एन्सिओ शेजारी होता, तो टोपी हातात घेऊन फिरवायला लागला.

"फरशीवर मी कधी जास्त पाणी घातलं नाही," ती म्हणाली. "ते वाक्य चुकीचं आहे आणि ते काढून टाका. पण हवा मी बंद केली. चौऱ्याहत्तर साली, बावीसही खिडक्यांखालचे झरोके, माझ्या हातानं. वरून रंग दिला, म्हणून तुमच्या माणसांना ते दिसले नाहीत. एक मी परवा उघडलाय. बाकीचे उघडा आणि परत मोजा. मगच पाडायचं की नाही ते ठरवा."

तिनं काळ्या कापसाचा बोळा कॉफीच्या बशीत ठेवला आणि नकाशाची प्रत त्याच्या शेजारी. 

यार्मो जागचा उठला, बोळा हातात घेऊन त्यानं उलटसुलट केला, नकाशा वाचला. मला वाटलं आता हा चिडणार, कारण त्याच्या दोन वर्षांच्या कामावर बाईनं बोट ठेवलं होतं. पण त्याचा चेहरा एखादं कोडं सुटल्यासारखा झाला. त्यानं पावाखालचा कागद ओढला आणि आमच्यासमोर चित्र काढायला लागला. वर छतातून हवा बाहेर जाते, म्हणाला. गेलेल्या हवेच्या जागी दुसरी यायला पाहिजे. खिडकीखालून आली नाही तर ती फरशीखालच्या मातीतून, फटीफटीतून ओढली जाते. बुरशी तळाशी असते, बऱ्याच घरांच्या तळाशी असते. "ती वर आली," तो म्हणाला, "कारण आपण तिला वर ओढली." आपण, असं म्हणाला. तू, असं म्हणाला नाही.

मागच्या टेबलावर निवृत्त शाळामास्तर बसले होते, नव्वदी गाठलेले. ते खाकरले आणि म्हणाले, की घोट्याला वारं लागतं ही तक्रार त्या साली आपणच केली होती, आणि लेखी केली होती. मग आणखी एका म्हातारीनं सांगितलं की तिनंही केली होती, दोनदा. हळूहळू निम्मं जेवणघर कबूल करायला लागलं. जरा हसूही पसरलं.

सानाला हसू आलं नाही. ती भिंतीपाशी उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खोकला आला की तू मला बेरींचा गरम रस आणून द्यायचीस," ती तेर्तूला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला. "आणि खिडकी उघडू का म्हणून मी विचारलं, की म्हणायचीस, नको, गार होईल."

"हो," तेर्तू म्हणाली. "म्हणायचे."

सानानं कोट उचलला आणि ती निघून गेली. तिच्यामागे जायची कोणाची छाती झाली नाही.

मंडळानं मत पुढे ढकललं. झरोके उघडून, हिवाळा काढून, मग परत मोजायचं ठरलं. नोव्हेंबरभर तेर्तू आणि एन्सिओनं रोज एक-दोन असे बाकीचे एकवीस झरोके खरवडले. गावातले चौघे-पाचजण मदतीला आले. साना आली नाही. तेर्तूनं तिला एक चिठ्ठी लिहिली आणि टाकली नाही. दुसरी लिहिली, तीही टाकली नाही. माफ कर म्हणायला तिला लाज वाटत नव्हती. पण माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि सानानं आधीच बरंच काही दिलं होतं, असं तिला वाटायचं.

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला तेव्हा आकडे आले. यार्मोनं ते स्वतः तेर्तूच्या घरी येऊन दाखवले. फरशीच्या एका भागाखालची माती काढावी लागणार होती, पण खोलीतली हवा चांगली होती. मंडळानं पाडायच्या विरुद्ध मत दिलं, आणि चौदाव्या पानावरचं ते वाक्यही काढलं. गावात तेर्तूचं नाव धुतलं गेलं म्हणायला हरकत नव्हती. पण दुकानात कोणी तिचं अभिनंदन केलं की ती घाईघाईनं दुधाची पिशवी उचलून चालायला लागायची.

जूनमध्ये ग्रंथालय उघडलं. लोक आत गेले, भाषण झालं, केक कापला. तेर्तूनं सगळीकडे बघितलं आणि ती बाहेर आली. साना पायरीवर उभी होती. बँकेच्या गाळ्यातून पुस्तकांचा शेवटचा खोका तिनंच आणला होता आणि तो दारात ठेवून ती थांबली होती. एका हातात ते तोंडानं ओढायचं औषध होतं.

तेर्तू तिच्याशेजारी पायरीवर थांबली.

"डॉक्टर म्हणाले, एक तास बसून बघ," साना म्हणाली. "मला अजून राग आहे, तेर्तू."

"असू दे."

"एकटीनं बसायची भीती वाटते. छाती भरून आली तर पटकन बाहेर काढायला कोणीतरी लागेल. बाकीच्यांना कळायच्या आधी तुला कळेल. तो खोकला तू ऐकलायस."

तेर्तूनं दार धरलं. दोघी वाचायच्या खोलीच्या टोकाला, तळ्याकडच्या शेवटच्या खिडकीपाशी बसल्या. सानानं एक पुस्तक उघडलं आणि त्याचं पान उलटलं नाही. तेर्तूनं काहीच उघडलं नाही, ती सानाच्या खांद्यांकडे बघत होती, ते वर जाताना आणि खाली येताना. केक संपला, माणसं पांगली, एन्सिओ दारातून डोकावला आणि न बोलता परत गेला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, मग सव्वाचार. एकदा सानाचा श्वास अडखळला आणि तेर्तू खुर्चीतून अर्धी उठली. सानानं नुसता हात वर केला. घसा खाकरला, ती पाणी प्यायली, आणि श्वास परत सरळ चालायला लागला.

तास भरला. तेर्तूनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि ती कोट घेऊन उभी राहिली.

सानानं औषध पिशवीत टाकलं, चेन ओढली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

"बस," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ बसू या."